ब्रेक मागे, उजेड पुढे

गाडी चालवताना स्वतःचा मागचा दिवा माणसाला कधी दिसत नाही. तो लागतो की नाही हे सांगायला परका माणूस लागतो, आणि पुण्यात परक्या माणसाला काही सांगायची संधी मिळाली की तो तेवढंच सांगून थांबत नाही. नळ स्टॉपच्या सिग्नलला एक मुलगी शेजारी येऊन थांबली. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये. तिने तो हनुवटीपर्यंत खाली ओढला, म्हणजे मजकूर महत्त्वाचा होता. "काका, ब्रेक मारताना आम्हालाही कळवत चला," असं म्हणून तिने स्कार्फ वर केला आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत ती निघूनही गेली.

मी जागच्या जागी खात्री करायला गेलो. जुन्या गिअरच्या स्कूटरचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. तो दाबून ठेवायचा, डाव्या हाताने क्लच धरायचा आणि मान नंबरप्लेटपर्यंत न्यायची, हे आसन अजून कुठल्या योगवर्गात शिकवत नाहीत. दिवा दिसला नाहीच. मागच्या बसचा ड्रायव्हर मात्र दिसला, आणि तो काय म्हणतोय ते बंद काचेतूनही समजलं.

घरी येऊन बायकोला पार्किंगमध्ये बोलावलं आणि गाडीच्या मागे उभं केलं.

"लागला?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता बघ."

"अहो, तुम्ही नक्की काही करताय ना?"

करत होतो. जीव खाऊन ब्रेक दाबत होतो. आणि तेव्हाच पुढ्यातला चमत्कार माझ्या लक्षात आला. ब्रेक दाबला की मागे अंधारच, पण हँडलवरचा स्पीडोमीटर मंद पिवळा उजळत होता. पाय काढला की विझत होता. डावा इंडिकेटर दिला तर मागचा इंडिकेटर झोपेतून उठवल्यासारखा अर्धवट पेटे आणि त्याच्या ठेक्यावर स्पीडोमीटर लुकलुके. गाडी थांबतेय ही बातमी मागच्याला द्यायची सोडून ती मलाच देत होती. मला ती आधीच होती.

वेळही नेमकी साधली होती. गाडी पंधरा वर्षांची झाली की पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग करून घ्यावं लागतं, आणि आमच्या स्कूटरची ती तारीख जवळ आली होती. त्यासाठीच तर तिला नुकताच फुल कलर मारून घेतला होता. इतका चकचकीत, की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी "नवी घेतली का?" म्हणून विचारलं आणि मी तीन दिवस त्यांना खरं सांगितलं नाही.

हे पुण्यात घडावं याचं मला विशेष वाटलं. पत्र्याच्या स्कूटरचं हे शहर. चेतक आली १९७२ साली, लूनाही त्याच वर्षीची. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली आणि त्या थांबण्याचा अभिमान बाळगणारी माणसं अजून पेठांमधून भेटतात. १९६६ पासून आपल्याकडे एआरएआय आहे. देशभरच्या गाड्यांच्या चाचण्या करणारी ही संस्था वेताळ टेकडीवर बसलेली आहे, आणि ती टेकडी आमच्या गॅलरीतून दिसते. एवढ्या विद्येच्या पायथ्याशी कोथरूडात एका स्कूटरचा मागचा दिवा लागू नये?

म्हणून मी स्वतः लक्ष घालायचं ठरवलं. म्हणजे काय केलं, तर गाडीमागे उकिडवा बसलो.

पुण्यात उकिडवं बसण्याचे परिणाम मी तोवर भोगले नव्हते. माणूस रस्त्यात पडला तर लोक आधी वळसा घालून जातात, पण गाडीपाशी पाना घेऊन उकिडवा बसलेला माणूस दिसला की त्यांना राहवत नाही. पहिल्यांदा वॉचमन आला. त्याचं निदान तयार होतं. "उंदरानं वायर कुरतडली असंल, सायेब." सोसायटीत काहीही बिघडलं की तो उंदरावर घालतो. मागे लिफ्ट बंद पडली तेव्हाही उंदीरच होता.

मग सेक्रेटरी आले. ते गाडीकडे बघत नव्हते, फरशीकडे बघत होते. "ऑइल सांडणार नाही ना?"

"दिव्याचं काम आहे. दिव्यात ऑइल नसतं."

"सहज विचारलं," असं म्हणून ते तिथेच उभे राहिले. पुढच्या सगळ्या प्रकरणात ते उभेच होते.

तिसऱ्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांना तर मी मुद्दाम निरोप धाडला होता. त्यांनी चष्मा बदलला, दिव्याची लाल काच न्याहाळली आणि विचारलं, "किती व्होल्ट?"

"बारा."

"बारा हजार?"

"नुसते बारा."

काका सरळ उभे राहिले. "अकरा हजारांच्या खालचं आम्ही काही हातात घेतलं नाही," ते म्हणाले. पण गेले नाहीत. एक प्लास्टिकची खुर्ची मागवून बसले. सुरुवात बल्बापासून करायची, असा त्यांनी आदेश काढला. बल्ब मी काढून उजेडाकडे धरून बघितला होता, दोन्ही तारा धडधाकट होत्या. तरी म्हटलं नवा टाकू. आपल्याकडे दिवा लागला नाही की आधी बल्ब बदलतात. तो बिचारा सगळ्यांत पुढे दिसतो ना.

नाना पेठेत गेलो. तिथल्या गल्ल्यांमध्ये गाडीचा कुठलाही भाग सुटा मिळतो. चिकाटी असेल तर अख्खी गाडी पिशवीतून घरी नेता येईल.

"मागच्या दिव्याचा बल्ब द्या."

"एकवीस-पाच?"

"एवढे कशाला? एकच द्या."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने शेजारच्या दुकानदाराकडे पाहिलं. एकवीस आणि पाच हे वॅट असतात, आणि मागच्या एकाच बल्बात दोन तारा असतात, हे ज्ञान मला तिथे उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने फुकट दिलं. रात्री सतत जळते ती पाच वॅटची तार, ब्रेक दाबल्यावर भडकते ती एकवीसची. दुकानात पाटी होती : 'इलेक्ट्रिकल मालाला गॅरंटी नाही. परत घेणार नाही. बदलून देणार नाही. कारण सांगणार नाही.' घरी येऊन बल्ब बसवायला गेलो तर बसेना. त्याच्या बुडाशी दोन बारीक खुंट्या असतात, आणि बल्ब उलटा बसू नये म्हणून त्या मुद्दाम वरखाली केलेल्या असतात. ज्याने कोणी हा शोध लावला त्याने मला डोळ्यांसमोर ठेवूनच लावला असणार. तरीही मी बराच वेळ त्याच्याशी कुस्ती केली. शेवटी बसला. ब्रेक दाबला. नवा बल्ब जुन्याइतकाच काळा राहिला आणि स्पीडोमीटर नेहमीच्या उत्साहाने उजळला.

आता भाच्याचा प्रवेश. तो हिंजवडीला असतो, रविवारी जेवायला येतो. "मामा, प्रॉब्लेम रिप्रोड्यूस होतोय का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, तो दुसरं काही होतच नाहीये. त्याने मागचा नवा बल्ब सोडून बाकी सगळे बल्ब एलईडी करून टाकायचं सुचवलं, आणि सुचवेपर्यंत मागवलेही होते. एलईडी बसवल्यावर गाडीचा स्वभावच बदलला. जुना फ्लॅशर जाड तारेच्या बल्बांचा करंट ओढण्याला सरावलेला. एलईडी त्यामानाने काहीच ओढत नाहीत, त्यामुळे बल्ब गेला असं समजून तो पिसाळला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत इंडिकेटरने मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करावी असं लिहिलंय. काकांनी मनगटावरचं घड्याळ लावून मोजायला घेतलं आणि निम्म्यात सोडून दिलं. एवढ्या वेगाने डोळे मिटले तर आमच्या वयाच्या माणसाला दवाखान्यात नेतात. मग एलईडीला चालणारा फ्लॅशर आणला. दिव्याचा प्रश्न होता तिथेच होता, फक्त आता तो पांढऱ्या उजेडात दिसत होता.

"रीडिंग घेतल्याशिवाय काही सांगता येणार नाही," भाचा म्हणाला. मला हे फार पटलं. माप घेण्याने खर्चाला प्रतिष्ठा येते. बुधवारातल्या तपकीर गल्लीतून मल्टिमीटर आणला. पिवळा, काळ्या-लाल तारांचा, आत खूप काही कळत असावं अशा तोंडवळ्याचा. भाच्याने होल्डरमधला बल्ब काढला, लाल टोक आतल्या पितळी ठिपक्याला लावलं, काळं होल्डरच्या पत्र्याला लावलं आणि मला ब्रेक दाबायला सांगितलं. आकडा आला १२.४.

"बघा! सप्लाय पोचतोय. करंट आहे. म्हणजे दिवा लागायला हवा."

"पण लागत नाहीये."

"थिअरीप्रमाणे लागतोय," भाचा म्हणाला.

काकांनीही रीडिंग बघून मान डोलावली. मागे अंधार असताना तिथे तीन सुशिक्षित माणसं दिवा लागतोय यावर एकमत होऊन उभी होती. सेक्रेटरीही धरले तर चार.

एकदा सप्लाय आहे असं ठरल्यावर मधली वायर बघणं आलं. सीट काढली, हँडलचं वरचं झाकण काढलं, बाजूच्या डिक्या उतरवल्या. पत्र्याची स्कूटर बाहेरून किती शांत आणि सात्त्विक वाटते! आत हात घातला की मागच्या सगळ्या मेकॅनिकांची आत्मचरित्रं बाहेर येतात. हँडलमधून निघालेली निळी वायर सीटखाली पोचेतो पांढरी झाली होती. मधे तिला चिकटपट्टीचा गठ्ठा. ज्याच्या खिशात जो रंग होता त्याने तो जोडला होता. एक तर चक्क घरातल्या ट्यूबलाइटची दोरीवायर होती. काकांनी ती लगेच ओळखली आणि पहिल्यांदाच खुर्चीतून उठले.

हिरवी वायर दिसली तसा काकांना जोर आला. "ही अर्थिंग! हिरवी म्हणजे अर्थिंग."

"घरात," भाचा म्हणाला. "गाडीत कंपनीप्रमाणे बदलतं. होंडात हिरवी असते. आपल्याकडे काळी दिसतेय."

"काळी म्हणजे न्यूट्रल."

"स्कूटरला न्यूट्रल गिअरमध्ये असतो, काका."

यावर दोघांचं बोलणं काही काळ बंद झालं. त्या शांततेत मी बऱ्याच वायरी सोडवल्या आणि जमेल तशा परत जोडल्या. त्यातून आणखी नवलं उपजली. हॉर्न दाबला की आता उजवा इंडिकेटर दचकायचा. डोक्याचा दिवा तेवढा शहाणा राहिला, कारण या जातीच्या स्कूटरला तो बॅटरीवर चालत नाही. इंजिनाच्या मॅग्नेटोतून थेट येतो. म्हणून तर जुनी पुणेरी माणसं अंधाऱ्या रस्त्यावर खड्डा दिसावा म्हणून थांबल्या जागी अ‍ॅक्सिलरेटर पिळायची. इंजिन मंद, दिवा मंद. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाक्यांना हेडलाइट बंद करायचं बटणच ठेवलेलं नाही, तरी त्यानंतर कितीतरी दिवस समोरून येणारा प्रत्येक सज्जन पंजा उघडमिट करून "दिवा चालू आहे, दिवा!" असं तळमळीने सांगायचा. माझा ब्रेकलाइट बंद आहे हे सांगायला मात्र एकच निघाली.

बायको अधूनमधून गॅलरीतून चौकशी करत होती. चौकशी म्हणजे, "जेवायला खालीच आणू का?" एकदा तिने वरूनच विचारलं, "रंग द्यायच्या आधी लागत होता ना हो?" आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे समजूतदारपणे बघितलं. रंगाचा आणि विजेचा काय संबंध, हे काका तिला समजावून सांगणार होते, पण तोवर ती आत गेली.

शेवटी आले ते कोपऱ्यावरचे पंक्चरवाले आजोबा. तेही दिव्यासाठी आलेच नव्हते. मी त्यांचा हवेचा पंप नेला होता, तो परत मागायला आले होते. पुणं सायकलींचं होतं तेव्हा त्यांचं ताशी भाड्याने सायकली द्यायचं दुकान होतं. आता सायकली गेल्या, तास तेवढे उरलेत. त्यांनी पंप उचलला, गाडीभोवती पसरलेल्या वायरींवरून अलगद पाय टाकत पुढे आले आणि म्हणाले, "कलर झकास मारलाय. कधी?"

"गेल्या महिन्यात."

"मग बरोबर. पाना द्या."

त्यांनी मागच्या दिव्याचा सांगाडा बॉडीला जिथे आवळलेला असतो तो स्क्रू सोडवला. त्याखाली पत्र्याच्या जागी नव्या रंगाचा गुळगुळीत, चमकदार थर होता. माझ्या पैशाने मारलेला. शेजारीच काळ्या वायरीच्या टोकाचा लग, म्हणजे भोक असलेली ती चपटी पितळी टिकली, तीही रंगावरच निवांत पहुडली होती. आजोबांनी खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि रुपयाएवढी जागा घासायला घेतली. माझ्या काळजाचा तेवढाच भाग घासला गेला. लाल रंग गेला, खालचा राखाडी प्रायमर गेला आणि पांढरा पत्रा चमकला. लगही घासला. त्याखाली दातेरी वायसर टाकून स्क्रू आवळला. म्हणाले, "दाबा."

दाबला. मागून बायकोचा आवाज आला, "लागला!" ती खाली कधी आली कोणाला कळलं नव्हतं. स्पीडोमीटर गप्प होता.

"डायनामो लावलाय का कधी सायकलीला?" आजोबांनी भाच्याला विचारलं. त्याने लावलेला नव्हता. बाटलीएवढा तो डायनामो चाकाला टेकायचा आणि त्यातून दिव्याला एकच वायर जायची. परतीची वायर नसायचीच. करंट परत यायचा तो सायकलीच्या लोखंडातून. म्हणून डायनामोच्या पट्टीत एक टोकदार स्क्रू असायचा. तो पिळला की फ्रेमचा रंग फोडून लोखंडाला चावायचा. ज्याला सायकलीच्या रंगाची माया आली त्याचा दिवा लागायचा नाही. "मग पोलीस धरायचा," आजोबा म्हणाले.

स्कूटरचंही तेच. पत्र्याची बॉडी हीच परतीची वायर. तो रस्ता रंगाने बंद झाला तरी करंटला घरी तर जायचंच असतं. लक्ष्मी रोड विसर्जनासाठी बंद केल्यावर पुणेकर घरी जायचं रद्द करत नाही, कुणाच्या तरी वाड्याच्या बोळातून दुचाकी काढतो. ब्रेकचा करंट एकवीसच्या तारेतून आला, पुढे वाट नाही म्हणून त्याच बल्बातल्या पाचच्या तारेत उलटा घुसला, तिथून रात्रीच्या दिव्यांच्या वायरीने थेट पुढे गेला आणि स्पीडोमीटरच्या बल्बातून हँडलच्या अर्थिंगला लागला. स्पीडोमीटर उजळायचा तो त्याच्या या प्रवासाचा पुरावा होता. एवढा वळसा घेताना जोर इतका कमी व्हायचा की एकवीस वॅटच्या तारेला लाल व्हायचंही सुचायचं नाही.

भाच्याला मात्र हे लागलं होतं. "पण मीटर बारा दाखवत होता!"

"मीटरला काय," आजोबा म्हणाले, "त्याला काम थोडंच करायचंय."

हे शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. स्क्रूच्या आट्यांचा पत्र्याला केसाएवढा स्पर्श राहिला होता. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे तेवढ्या धाग्यावरूनही त्याला बारा व्होल्ट दिसतात. एकवीस वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तेव्हा तो धागा हात वर करतो. साधा हिशेब आहे : वाटेत बल्बाएवढाच अडथळा आला तर बल्बाला निम्मे व्होल्ट मिळतात आणि बल्बाची ताकद चौथाईवर येते. म्हणून जुने ऑटो इलेक्ट्रिशियन मीटर न घेता दोन वायरी लावलेला एक बल्ब घेऊन फिरतात. तो लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. तो काम करून दाखवतो. (आमच्या ऑफिसात दोन्ही जातींची माणसं आहेत. बढती मीटरला मिळते.)

आजोबांनी वीस रुपये घेतले. दहा घासण्याचे, दहा पंप इतके दिवस ठेवून घेतल्याचे. काका खुर्ची घेऊन वर गेले. अर्थिंगच असणार हे आपल्या मनात आलं होतं, असं त्यांनी जिन्यात दोघांना सांगितलं. वॉचमनने उंदराचा मुद्दा अजून सोडलेला नाही. रंग उंदरानेच खाल्ला असता तर बरं झालं असतं, असं त्याचं सुधारित म्हणणं आहे. मी सगळं परत बसवलं तेव्हा वीतभर निळी वायर उरली. ती कशाची ते कळलेलं नाही, पण तिच्याशिवाय सगळं चालतंय.

पासिंगही झालं. तिथल्या साहेबांनी ब्रेकलाइट पाहिला, इंडिकेटर पाहिले आणि रंग कुठून मारला ते विचारलं. मी दुकानाचा पत्ता सांगितला, पॉलिश पेपरचं सांगितलं नाही.

सोसायटीच्या फलकावर मात्र आता नवी सूचना लागली आहे : 'सभासदांनी पार्किंगमध्ये विनाकारण उकिडवे बसू नये. – सचिव.' खाली कोणीतरी बॉलपेनने विचारलंय, 'सकारण बसल्यास चालेल काय?' अक्षर काकांचं वाटतं.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गाडीचा ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लागत असेल तर बल्ब आणू नका, मीटर आणू नका, भाच्याला जेवायला बोलावू नका. दोन रुपयांचा पॉलिश पेपर घ्या, अर्थिंगचा स्क्रू शोधा, आणि घासायला शक्यतो दुसऱ्याच्या सोसायटीत बसा.